थांबला की गेला

मंगळवार, ४ तारीख

दादा,

बाबांनी सांगितलं म्हणून लिहितेय. आपणहून तुला पत्र लिहायला मला काही वेड लागलेलं नाही. फोन केला असता, पण तुझा नंबर बदललाय. बदललाय तेच बरं, कारण फोनवर मी आधी ओरडते आणि मग ऐकते. भोंगा हे नाव तूच ठेवलं होतंस. नवीन घर कुठे घेतलंस तेही कुणाला ठाऊक नाही, म्हणून हे तुझ्या लिफ्ट कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय. पाकिटावर 'खाजगी' लिहिलंय, म्हणजे ऑफिसातले झाडून सगळे वाचतील.

कामाचं आधी. बाबांच्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. वीस तारखेला, गुरुवारी, सकाळीच आत घेणार. नदीपलीकडचं मोठं हॉस्पिटल, आईला ठेवलं होतं तेच. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही," पण हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता पडद्याच्या दोरीकडे बघत होते. माणूस बोलताना कुठे बघतो हे टिपायची मला आता सवयच लागलीय, काय करू. बाबांना डॉक्टरांचं काही वाटत नाही. त्यांचं एकच पालुपद: "तुम्ही दोघं बाहेर बाकावर असलात की मी निवांत आत जाईन. दोघं."

त्यांनी कळवायला सांगितलं, मी कळवलं. आता माझं ऐक. येऊ नकोस.

का, तर काल मी तुला पाहिलं.

तुला माहीत नसेल, नाटक सुटल्यापासून मी काय करते. मी पडते. हसू नकोस. माणसं रोजच्या जगण्यात कशी वागतात याचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, तिथे मी पगारी पडणारी आहे. सगळं चालवतात त्या प्रोफेसर, आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. कधी मी लिफ्टमध्ये दाराकडे पाठ करून उभी राहते आणि मागून येणारी शहाणीसुरती माणसं हळूहळू माझ्यासारखीच वळतात. (तू लिफ्ट दुरुस्त करतोस, तुला तरी ठाऊक आहे का आत काय काय चालतं?) कधी बंद खिडकीपुढे मी आणि आणखी दोघं रांग लावून उभे राहतो, आणि बघता बघता मागे रांग वाढते, कशाची ते कुणीही विचारत नाही. सध्या मात्र पडणं चालू आहे. गर्दीच्या जागी मी कोसळायचं, आणि कोण थांबतं, कोण जातं ते बघायचं.

बघायला असतात पंच. पूर्वी धावण्याच्या शर्यतींना पंच म्हणून जायचे, म्हणून पंच. घडीचं स्टूल टाकून लांब बसतात, हातात स्टॉपवॉच, मांडीवर कागद. कागदावर दोनच रकाने, 'थांबला' आणि 'गेला'. ठरलेला वेळ संपला की पंच दोनदा नाक शिंकरतात. मग मी उठायचं, कपडे झटकायचे आणि कुणी गोळा व्हायच्या आत दुसऱ्या जिन्याने सटकायचं. जो थांबेल त्याला तिथेच खुलासा करायचा आणि माफी मागायची. जो जाईल त्याला काहीच सांगायचं नाही. तो जन्मभर आपल्याला भला माणूस समजायला मोकळा.

काल मोठ्या चौकाखालच्या भुयारी मार्गात मी खांबापाशी आडवी पडले होते. तोंड स्कार्फमध्ये, डोळे किलकिले. फरशी गार आणि चिकट. एकापाठोपाठ एक पाय चाललेले. आणि मग तुझे बूट आले. एका बुटाला काळी नाडी आणि एकाला तपकिरी, उजवा पाय जरासा घासत. असे बूट घालून जगात दुसरा कोण हिंडणार आहे, सांग ना! बूट माझ्यासमोर थांबले. तू वाकलास. तुझ्या श्वासाचा आवाज आला, अंगाला तोच ग्रीसचा वास. दोन वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतास. 

आणि तू वळलास आणि धूम ठोकलीस. चाललास नाही, पळालास. जिन्यावर बूट धडाधड वाजले.

पंच नंतर हसत होते. म्हणाले, "आजपर्यंत जाणारे पुष्कळ पाहिले. हा तर पळालाच हो!" 'गेला'च्या रकान्यात खूण करून त्यांनी शेजारी 'घाईने' असंही लिहिलं. माझा सख्खा भाऊ आहे असं कोणत्या तोंडाने सांगणार होते? वर जाऊन चहा घेतला, तोही कडू लागला. लपवलेला कॅमेरा काढायला खाली आलो तर खांबाशी कुणीतरी पाण्याची कोरी बाटली विसरलं होतं, ती दोघांनी अर्धी अर्धी संपवली आणि सामान आवरलं. बाईंना कागद दिला. घरी आले तर बाबा दारातच: "कळवलंस का त्याला?"

आता कळवलं. बाकावर माझ्या शेजारी पिशवी ठेवीन मी, ती तुझ्यापेक्षा विश्वासाची.

भोंगा


शुक्रवार, ७ तारीख

दादा,

मंगळवारचं पत्र मिळालं असेलच. उत्तराची वाट बघत नाहीये, हे मुद्दाम कळवायला लिहितेय. आणि एक गोष्ट विचारायची राहिली म्हणून.

मला ओळखलंस का?

तीन दिवस हेच डोक्यात फिरतंय. भांडी घासताना, बाबांच्या गोळ्या काढताना, लिफ्टमध्ये पाठ करून उभी असताना. न ओळखता पळाला असशील, तर तू एका पडलेल्या बाईला टाकून पळणारा माणूस आहेस. ओळखून पळाला असशील, तर सख्ख्या बहिणीला टाकून पळणारा. दोन्हीपैकी कोणतं बरं, ते तूच ठरव. मला तर ठरवता येईना. काल भाजीत मीठ दोनदा पडलं. बाबा निमूट जेवले, आणि जेवून उठताना म्हणाले, "त्याचं काही आलं?"

"येईल," म्हटलं. मी त्यांना सांगितलेलंच नाही की मी तुला येऊ नकोस म्हणून लिहिलंय.

बाईंशीही वाद झाला. मी विषय असाच काढला, आपलं सहज म्हणून. म्हटलं, "जे पळून जातात ते मुळातच तसे असतात, नाही का?" बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता तास सुरू. म्हणाल्या, "आपण उशिरा पोचलो तर म्हणतो, रस्त्यात अडकलो. दुसरा उशिरा आला की म्हणतो, स्वभावच बेफिकीर. स्वतःचं वागणं आपण आतून बघतो, दुसऱ्याचं बाहेरून. बाहेरून फक्त पाठ दिसते."

"पाठच दाखवली तर पाठच दिसणार," मी म्हटलं.

"कुणाची?"

"कुणाची नाही. उदाहरण."

बाई हसल्या. त्यांना सगळं कळतं, हा त्यांच्यातला मोठा दोष. मग मलाच म्हणाल्या, "भुयारी मार्गात तू स्वतः किती पडलेल्यांपाशी थांबलीस आजवर?" मी म्हटलं, "मीच पडलेली असते, थांबू कधी?" पंच चहा सांडेपर्यंत हसले. मला हसू आलं नाही.

दादा, पुस्तकातलं मला पटतं. गर्दी जितकी जास्त तितकं कुणी हलत नाही, जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो, हे मी जमिनीवर पडून स्वतः पाहिलंय. माणसं वाईट नसतात, नुसती वाट बघत असतात, कुणीतरी आधी पुढे व्हायची. हे सगळं जगाला लागू आहे. तुला नाही, कारण तुझं हे दुसऱ्यांदा आहे.

आईच्या वेळी मी तिचे पाय चोळत होते. तू खिडकीशी उभा होतास. आई काहीतरी पुटपुटली, तू वाकून ऐकलंस, आणि "आलोच" म्हणून निघून गेलास. आलोच! मी दाराकडे बघत राहिले. नर्स आली, डॉक्टर आले, आई गेली, मावशी आल्या, काका आले. सगळं संपल्यावर तू धापा टाकत दारात उभा. मी सगळ्यांसमोर ओरडले, "पळपुटा आहेस तू." तू काही बोलला नाहीस. एका शब्दाने नाही! दहा दिवस उलटले आणि तू घर सोडलंस. बोलला असतास तर मी आणखी ओरडले असते, ते खरं. पण ओरडून झाल्यावर ऐकलंही असतं.

आता परवा पुन्हा तेच. वाकलास आणि गेलास. माणूस एकदा चुकतो, दुसऱ्यांदा मात्र तो तसाच असतो. हे बाईंचं नाही, माझं शास्त्र आहे.

मला ओळखलंस की नाही, एवढं एका ओळीत कळव. येऊ नकोस, ते कायम आहेच.

भोंगा


बुधवार, १२ तारीख

दादा,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. आधीच्या दोन्ही चिठ्ठ्या फाडून टाक. फाडल्या नसशील तर आता फाड. मग पुढचं वाच.

पंचांना ताप आला, म्हणून बाईंनी मला चित्रण तपासायला बसवलं. खांबासमोरच्या बंद टपरीवर खोक्यात कॅमेरा असतो. त्याचं चित्रण आणि पंचांचा कागद जुळतो का ते बघायचं काम. ठरलेल्या वेळापुरतं बघायचं, पुढचं बघायचं नाही, कारण पुढचं मोजलंच जात नाही. आवाज नसतो, नुसतं चित्र.

खरं सांगते, मी तुझाच भाग आधी काढला. मला तुझं तोंड बघायचं होतं. पळताना माणसाचं तोंड कसं दिसतं ते बघायचं होतं, म्हणजे रागाला जरा जोर आला असता. पण कॅमेरा वरून, आणि तू टोपी घातलेली. तू आलास, वाकलास, पळालास. पंचांनी नाक शिंकरलं असेल, मी उठले, स्कार्फ झटकला, पलीकडच्या जिन्याने गेले. पंचांनी स्टूल उचललं. संपलं. पंचांचा कागद बरोबर होता.

मी बंद करायला हात पुढे केला आणि तेवढ्यात कुणीतरी दारातून पाणी भरायचं भांडं मागितलं. उठले, दिलं, परत आले. चित्र चालूच होतं. आम्ही वर चहा पीत होतो तेव्हाही कॅमेरा चालूच होता ना.

आणि तू परत आलास.

दादा, तू परत आलास. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हाताने वरच्या इमारतीच्या सुरक्षारक्षकाला दंडाला धरून ओढत. तो बिचारा लठ्ठ माणूस, धापा टाकतोय, टोपी वाकडी झालेली. तू खांबापाशी आलास आणि जमिनीकडे बोट केलंस. जमिनीवर काहीच नाही. रक्षकाने डोकं खाजवलं. काय म्हणाला असेल? "कुठंय बाई?" म्हणाला असेल. तू खांबाच्या मागे पाहिलंस. पलीकडच्या जिन्याने वर गेलास, खाली आलास. येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून विचारत होतास, ते माना हलवत होते. रक्षक हात झाडून निघून गेला. तू नाही गेलास. तू खाली उकिडवा बसलास आणि मी पडले होते तिथे फरशीवर हात ठेवलास. किती वेळ बसलास! लोक तुला वळसा घालून जात होते, जसे मला घालत होते तसेच.

मग उठलास, बाटली खांबाला टेकवून ठेवलीस, दोनदा मागे वळून बघितलंस, आणि गेलास.

आणि त्यानंतर त्याच चित्रात कोण आलं माहिती आहे? मी. पंच आणि मी, पंच अजून हसतच. मी बाटली उचलली, अर्धी प्यायले, उरलेली पंचांना दिली. माझा घसा कोरडा पडला होता ना! तू त्याच बाईसाठी आणलेलं पाणी तीच बाई प्यायली आणि वर तुझ्याच नावाने खडे फोडत घरी गेली.

मी तिथेच मोठ्याने रडले. बाजूच्या खोलीतून दोघं डोकावले. एक म्हणाला, "हा पण प्रयोग आहे का?"

मला ओळखलंस का, असं मी तुला विचारत होते. आता नाही विचारत. ओळखलं नसशील तर तू एका परक्या बाईसाठी असा धावलास. ओळखलं असशील तर... ते मला लिहवत नाही.

दादा, ये. वीस तारखेला ये. येऊ नकोस असं लिहिलं ते मी लिहिलं नव्हतं असं समज. म्हणजे मीच लिहिलं होतं, पण चुकीचं बघून लिहिलं होतं. बाबांसाठी ये असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, मला पाहिजेस तू त्या बाकावर.

भोंगा


शनिवार, १५ तारीख

दादा,

पोस्टावर माझा भरवसा राहिला नाही म्हणून काल सकाळी बुधवारचं पत्र हातात घेऊनच तुझ्या ऑफिसात गेले. पोस्टात टाकलंच नव्हतं, तीनदा पेटीपाशी जाऊन परत आले होते. काउंटरवरची मुलगी फार गोड आणि फार हट्टी आहे. मी विचारलं, "त्यांच्या नावाने आधी दोन पत्रं आली असतील, ती मला परत हवीत." म्हणाली, "ती ते घेऊन गेले. वाचलीही इथेच उभं राहून."

"काही म्हणाले का?"

"नाही. बॅग उचलली आणि साईटवर गेले. नवीन इमारतींचं काम आहे, लांबच्या गावी. वीस-बावीसपर्यंत तिथेच."

म्हणजे तू 'येऊ नकोस' दोनदा वाचलंस आणि गेलास. मी तिथल्या खुर्चीवर बसून राहिले. मुलीला वाटलं चक्कर आली, तिने लगेच पंखा मोठा केला. बघ, थांबणारी माणसं असतात. मी तुझा नंबर मागितला. म्हणाली, देता येणार नाही, नियम आहे. मी म्हटलं, बहीण आहे मी. म्हणाली, "सगळ्याच म्हणतात." सगळ्याच म्हणजे कोण रे? असो. तो हिशेब नंतर करू.

शेवटी म्हणाली, "निरोप सांगते, एका वाक्यात द्या." एका वाक्यात! मी, भोंगा! म्हटलं, "ये म्हणावं." "कुठे?" "त्याला माहितीये." तिने लिहून घेतलं. पत्राचं म्हणाली, सोमवारी सुटे भाग घेऊन त्यांचा माणूस तिकडे जाणार आहे, त्याच्याजवळ देईन. हे पत्रही तिच्याचकडे नेऊन देतेय, दोन्ही एकदम मिळतील. मिळतीलच ना? तो माणूस विसरभोळा नसला म्हणजे झालं.

बाईंशी जोरात भांडले. म्हटलं, त्याची खूण बदला, तो परत आला होता. बाईंनी चित्रण दोनदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "हा कोण तुझा?" सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "खूण नाही बदलता येणार. वेळ आपण आधी ठरवला होता. निकाल बघून नियम बदलायला लागलो तर जो तो आपल्या भावाला 'थांबला'मध्ये टाकेल." मी म्हटलं, "मग नियमच चुकीचा आहे. पाणी जवळ नसलं तर माणूस आणायला जाणारच ना? जो सगळ्यात जास्त धावला तोच तुमच्या कागदावर पळपुटा?" हा शब्द तोंडातून गेला आणि मीच थबकले.

बाई वाईट नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "या खेपेला तो 'गेला'मध्येच राहणार. पण अहवालात लिहीन, की आपण लवकर उठलो." मग त्यांनी मला सगळी चित्रणं पुढेपर्यंत बघायला सांगितली, आणखी कुणी परत आलं का ते. बघितली. बहुतेक कुणी आलं नाही, उगाच तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. एक म्हातारे आले, छत्रीने फरशी टोचून बघितली आणि गेले. एक शाळेतल्या बाई आल्या, त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. आणि तू. बस्स. पण त्या दोघांनाही मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या रे, पडल्या पडल्या.

आता खरं विचारायचं ते. दोन दिवस धीर होत नव्हता.

आईच्या वेळी तू दारात धापा टाकत उभा होतास तेव्हा तुझ्या हातात एक पिशवी होती. कापडी, निळी. मला आत्ता आठवतेय, इतकी लख्ख की तिचा एक बंद तुटलेला होता तेही आठवतंय. मी तिच्याकडे बघितलं आणि ओरडायला सुरुवात केली. त्या पिशवीत काय होतं? आई तुझ्या कानात काय म्हणाली होती? तू कुठे गेला होतास?

हे मी तुला कधीच विचारलं नाही. मावशींनी नाही, काकांनी नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होते आणि मी बोलत होते.

बाबांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "मला ठाऊक आहे. पण मी का सांगू? दोन वर्षं वाट बघतोय, तुमच्यातलं कोण आधी बोलतंय याची. माझ्या झडपेने कंटाळून दम तोडला." वर हसले. मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. मग त्यांचे पाय दाबून दिले. ते म्हणाले, "येईल गं. त्याला फक्त उशीर होतो." हे म्हणताना सरळ माझ्याकडे बघत होते.

ये रे दादा. आलास की मी आधी ऐकेन. भोंगा बंद ठेवेन, खरंच.

भोंगा


गुरुवार, २० तारीख, सकाळ

दादा,

हे मागच्या पानावर लिहितेय, हॉस्पिटलच्या कागदाच्या, दुसरा सापडला नाही. बाबांना आत नेलं. जाताना दोन्ही बाकांवर नजर टाकली त्यांनी, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "रस्त्यात आहे." त्यांनी विचारलं नाही, कुणी सांगितलं. नाटकात एवढं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं.

तुझा काही निरोप नाही. ऑफिस अजून उघडलेलं नाही. तो सुटे भाग नेणारा माणूस पोचला की नाही, देव जाणे.

बाकावर माझ्या शेजारी मी पिशवी ठेवलीय. खोली गच्च भरलीय, माणसं भिंतीला टेकून उभी आहेत. येणारा प्रत्येक जण विचारतो, "इथे कुणी आहे का?" मी म्हणते, "आहे. येतोय." कुणी वाद घालत नाही. पिशवीच्या जागेला माणसं किती मान देतात! एक आजोबा माझ्यापुढे इतका वेळ उभे होते की शेवटी मीच उठून त्यांना माझी जागा दिली. तुझी नाही दिली. आता मी उभी आहे आणि तुझी पिशवी बसलीय.

नर्सने आत्ता हाक मारली. खालच्या दुकानातून एक औषध आणायचंय, लगेच. बाबा बरे आहेत म्हणाली, माझ्याकडे बघून म्हणाली. लिफ्टला गर्दी, जिन्याने जावं लागेल, खाली रांगही असेलच.

आणि हे लिहिताना एकदम मनात आलं, की मी खाली असतानाच तू आलास तर? तू दारात येशील, बाकावर बघशील, मी नसेन. म्हणून हा कागद पिशवीवर ठेवतेय आणि उडू नये म्हणून वर पाण्याची बाटली. कोरी आहे, फोडलेली नाही. प्रवासातून आला असशील, पी.

दादा, जागा रिकामी दिसली तरी थांब. मी गेले नाहीये. औषध आणायला गेलेय.

आलेच.